होटगी रोडचं घर

साखर कारखान्याच्या कॉलनीतलं आमचं क्वार्टर निवृत्तीनंतर तीन महिन्यांत रिकामं करायचं होतं. त्यातले दोन महिने आम्ही काहीच न ठरवता घालवले. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा नोकरीला बंगळूरला. दोघांनीही फोनवर एकच सांगितलं, तुम्हाला बरं वाटेल तिथं राहा. माळशिरस तालुक्यात एकतीस वर्षं काढली, पण क्वार्टर सोडलं की तिथं आमचं काहीच उरत नव्हतं. सोलापूरला जायचं एवढं नक्की होतं. सोलापुरात कुठं, यावरून आम्हा नवराबायकोत जे झालं ते मी मुलांनाही सांगितलेलं नाही.

बायको सोलापूरची. पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली. तरुणपणी मी सोलापुरात नोकरीला होतो तेव्हा तिच्या शेजारच्या गल्लीत खोली घेऊन राहत होतो. लग्न दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध झालं. नंतर दोन्हीकडचा राग निवळला. तोवर मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती आणि मी तिला उसाच्या मधोमध असलेल्या त्या कॉलनीत नेऊन ठेवलं होतं. 'ठेवलं' हा शब्द मी विचार करून लिहितोय. चारही बाजूंनी ऊस, हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी आणि आठवड्यातून एकदा बाजार. तिची भाषा बोलणारं दहा मैलांत कुणी नव्हतं.

घरात होतं, खरं तर. मुलगी तीन वर्षांची असताना मी तिला शेजारच्या चीफ केमिस्टांकडं घेऊन गेलो होतो. तिला तहान लागली. ती त्यांच्या बायकोला म्हणाली, "नीळ्ळु." बाईंना कळेना. पोरगी पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागली, मग रडायला लागली, आणि ते दोघं हसले. वाईट मनानं हसले नव्हते. पण मला लाज वाटली. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "पोरांशी मराठीतच बोलत जा. शाळेत गोंधळ होईल त्यांचा."

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिनं मुलांशी तेलुगूत एक शब्द बोललेला मी ऐकला नाही. मुलाला तर ती भाषा येतच नाही. तिची भाषा उरली फोनपुरती, तिच्या थोरल्या बहिणीशी, अक्काशी बोलण्यापुरती. स्वयंपाकघरात फोन खांद्यात धरून ती भाजी चिरायची, हसायची, आवाज वेगळाच व्हायचा. मी बाहेर पेपर वाचत बसायचो. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि मला त्या भाषेतले पंधरावीस शब्द येत होते. इल्लु म्हणजे घर. ऊरु म्हणजे गाव. असले.

आम्ही दोन घरं बघितली. पहिलं पूर्व भागात, अक्काच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिना अरुंद, शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू. त्यांचा खडखडाट भिंतीतून जाणवत होता. मी नळ उघडून बघितले, खिडक्या लावून आवाज किती कमी होतो ते बघितलं. बायको गॅलरीत उभी होती. खालून एका म्हातारीनं वर बघून तिला काहीतरी विचारलं, हिनं उत्तर दिलं, आणि मग दोघींचं दहा मिनिटं चाललं. एक खाली, एक वर, मध्ये वाळत घातलेले टॉवेल. मी दोनदा म्हणालो, "चल, उशीर होतोय." कशाला उशीर होत होता ते मला आज आठवत नाही.

दुसरं घर होटगी रोडला, हद्दवाढीतल्या एका नव्या वसाहतीत. बैठं घर, पुढं लिंबाचं झाड, मागं मोकळा माळ. पाणी महापालिकेचं चारपाच दिवसांनी, पण बोअर होतं. घराचे मालक सत्तरीतले, पूर्वी त्यांच्या मालाच्या गाड्या होत्या. सगळे त्यांना चाचा म्हणत. बायको वारल्यावर ते मुलीकडं कलबुर्गीला राहायला चालले होते. मला ते घर पायरी चढतानाच आवडलं. इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायचा. बायको सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली. कशालाही हात लावला नाही. बाहेर येऊन म्हणाली, "हवा छान आहे."

हे मी होकारात धरलं.

परतीच्या वाटेवर गाडीत विचारलं, "मग? काय वाटतं?"

"तुम्ही बघा," ती म्हणाली.

आमच्याकडं 'तुम्ही बघा' चा अर्थ काय होतो ते प्रत्येक नवऱ्याला माहीत असतं. मला नव्हता माहीत असं मी म्हणणार नाही.

आता खरं कारण सांगतो. यंत्रमागांचा आवाज, अरुंद जिना, गाडी लावायला जागा नाही, ही कारणं मी तिला सांगत होतो. ती खोटी नव्हती. पण मला भीती होती अक्काच्या गल्लीची. तिथं गेलो की मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवायचे, चहा द्यायचे, आणि सगळे तेलुगूत बोलायला लागायचे. मध्येच सगळे हसले की मला वाटायचं, आपल्यावरच हसले. उरलेलं आयुष्य त्या खुर्चीवर बसून काढायचं, ही कल्पनाच मला नको वाटायची. कॉलनीत तिनं एकतीस वर्षं तेच केलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल.

त्या गुरुवारी सकाळी चाचांचा फोन आला. पुण्याची एक पार्टी संध्याकाळी घर बघायला येतेय, तुमचं काय ते दुपारपर्यंत सांगा. मी "सांगतो" म्हणून फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या खोक्यांवर बसलो होतो. आत स्वयंपाकघरात बायको अक्काशी फोनवर बोलत होती. पहिल्यांदाच मी कान देऊन ऐकलं. 'होटगी रोड' ऐकू आलं. 'इल्लु' ऐकू आलं. मग अक्कानं काहीतरी विचारलं असावं, कारण ही थोडी थांबली आणि म्हणाली, "ऊरके, अक्का. ऊरके."

ऊरु म्हणजे गाव. 'कि' म्हणजे आपला 'ला'. ऊरकि, गावाला. गावाकडं. शहरात नको, गावाच्या बाजूला, बाहेर, मोकळ्यावर. माझ्या डोक्यात हे गणित एका क्षणात सुटलं, आणि मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो.

पण तिचा आवाज आनंदाचा नव्हता. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. आत जाऊन 'काय म्हणालीस?' एवढंच विचारायचं होतं. मी गेलो नाही, कारण आत गेलो असतो तर कदाचित दुसरंच काही निघालं असतं. मी मागच्या दारानं अंगणात आलो आणि चाचांना फोन लावला.

"चाचा, आमचं नक्की. पुण्याच्या लोकांना नाही म्हणून सांगा."

"जबान दिये ना साब?"

"दिली."

"भाभी कू पसंद है ना? घर तो औरत का रहता. मेरी घरवाली को मैं पूछे बिना खिडकी भी नहीं लगाया इस घर कू."

"पसंत आहे," मी म्हणालो. "तिलाच जास्त आवडलंय."

शेवटचं वाक्य कुणी विचारलंही नव्हतं.

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं, होटगी रोडला हो म्हणून टाकलं. ती भाकरी वाढत होती. क्षणभर तिचा हात थांबला.

"बरं," ती म्हणाली.

रविवारी आम्ही सोलापूरला गेलो, दुपारी अक्काकडं जेवायला. अक्का साठीची, नवरा गेलेला, मुलं वेगळी राहतात, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असा. तिनं गारे तळले होते, आपल्या उडदाच्या वड्यासारखे. मी नेहमीच्या खुर्चीवर बसलो होतो आणि आज मला तिथं बसायला काही वाटत नव्हतं. निकाल माझ्या बाजूनं लागला होता.

"काय वो दाजी," अक्का वाटीत चटणी वाढत म्हणाली, "ते माळावरचं घर घेतलाव म्हनं? आमची पोरगी तिथं कुत्र्यांसंगट बोलणार का दिवसभर?"

मी हसून म्हणालो, "तुमच्या बहिणीनंच पसंत केलंय अक्का. मला काय विचारता?"

"हिनं?" अक्कानं बायकोकडं बघितलं. बायको ताटाकडं बघत होती.

"मी स्वतः ऐकलंय," मी म्हणालो. "गुरुवारी तुमच्याशीच बोलत होती. ऊरके म्हणाली. दोनदा म्हणाली. आता तेवढी तेलुगू येते मला."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. तिच्या हातातली वाटी हिंदकळली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अय्यो! ऊरके म्हंजे गावाला नाही वो दाजी! ऊरके म्हंजे उगीच! मी इचारले हिला, न घ्यायचं घर बघाला कशाला गेलतीस एवढं लांब, तर ही म्हनली, उगीच. ऊरके. ते येगळं, हे येगळं की!" ती पुन्हा हसली. "एका उगीचवर घर घेतलाव की वो तुमी!"

मग तिनं बहिणीकडं बघितलं आणि तिचं हसणं मध्येच थांबलं.

बायको ताटावरून उठली नाही, रडली नाही. माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, "एकतीस वर्षं मी फोनवर काय बोलते ते तुम्ही कधी ऐकलं नाही. आणि ऐकलं तेव्हा विचारलं नाही."

"तू बरं म्हणालीस," मी म्हणालो. "मी सांगितलं तेव्हा तू बरं म्हणालीस."

"मग काय म्हणणार? ठरवून झाल्यावर सांगितलंत. पोरांशी मराठी बोल म्हणालात तेव्हाही मी बरंच म्हणाले होते."

अक्काला त्यातलं काही माहीत नसावं. ती उठून आत गेली आणि उगाच भांडी वाजवायला लागली. मी हातातला घास ताटात परत ठेवला. बायको ते विसरली असेल असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो होतो. तिनं कधी विषय काढला नव्हता, म्हणून.

मी हात धुतले आणि म्हणालो, "चल."

"कुठं?"

"चाचांकडं. नाही म्हणून येऊ."

ती गाडीत बसली. होटगी रोडपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. मुलगा नको म्हणतोय. मुलाचं म्हणणं, आम्ही बंगळूरलाच यावं. म्हाताऱ्या माणसाला मुलाचं कारण पटतं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा तिच्याकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. वाटलं, हे कारण तिलाही चालेल.

चाचा बाहेरच्या खोलीत खोक्यांना दोरी बांधत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आओ भाभी, आओ. बघा, तुमच्यासाठी वरची टाकी धुऊन घेतली."

बायकोनं हात जोडले. मी खुर्चीच्या कडेवर बसलो.

"चाचा, एक अडचण आलीय," मी सुरू केलं. "आमचा मुलगा..."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी पुढं काय बोलतोय एवढंच बघत होती. तिच्या त्या बघण्यात पूर्वी असायची तशी आशाही नव्हती, नुसतं बघणं होतं. मला वाटलं, हे वाक्य पूर्ण केलं तर ही माझ्याकडं यापुढं असंच बघेल, आणि मला तक्रार करायची सोय उरणार नाही.

"मुलाचं काही नाही," मी म्हणालो. "तिला पसंत आहे म्हणून मी सांगितलं ते खोटं होतं. मी तिला विचारलंच नव्हतं. घर आम्हाला घेता येणार नाही."

चाचांच्या हातातली दोरी तशीच राहिली. "पुण्याच्या लोकांना मी ना बोल दिया," ते म्हणाले. "तुमे बोले म्हणून. उन लोगां दूसरा घर देख लिये परसों."

"माहीत आहे. चूक माझी आहे."

"चूक!" ते मोठ्यानं म्हणाले. "मैं बेटी कू तारीख बोल के बैठा हूं. सामान बांध रहा हूं. और तुमे चूक बोलते?"

मी खाली बघितलं. ते ओरडत राहिले असते तर बरं झालं असतं. पण ते बायकोकडं वळले. "भाभी, तुमे बोलो. तुम्हाला घर नको?"

मला वाटलं, ती 'हे म्हणतील तसं' म्हणेल. तिनं एकदा आत स्वयंपाकघराकडं बघितलं. मग म्हणाली, "घर चांगलं आहे चाचा. तुमच्या बायकोनं नीट बांधून घेतलंय, ओटा किती सोयीचा आहे. पण मला नको. मला इथं एकटं वाटेल."

एकतीस वर्षांत मी तिच्या तोंडून 'मला नको' ऐकलं नव्हतं. भाजीवाल्याला म्हटलेलं सोडून.

चाचांनी मान हलवली. "ठीक है." आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. मला म्हणाले, "साब, पुढं कुणाला जबान द्यायची तर स्वतःची द्या. दुसऱ्याची देऊ नका." दार त्यांनी हळूच लावलं. त्यांचं घर नंतर पाच महिने गेलं नाही असं कुणीतरी सांगितलं. तेवढे महिने त्यांना त्या रिकाम्या खोल्यांत काढावे लागले. मी एकदाही फोन केला नाही. धीर झाला नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "मग पूर्व भागातला फ्लॅट घेऊ. आत्ताच जाऊन सांगू."

"झालं पुन्हा सुरू?" ती म्हणाली.

मी किल्लीवरचा हात काढला.

"मला विचार करू द्या," ती म्हणाली. "तिथं सगळं माझंच आहे असं तुम्हाला वाटतं. आई नाही, वडील नाहीत. माझ्याबरोबरच्या मुली कुठं कुठं गेल्या. अक्का माझ्या मराठी सुरावर हसते, म्हणते तू आता आमच्यातली राहिली नाहीस. मलाही भीती वाटते हो."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. पूर्व भाग म्हणजे तिचा आणि बाकी सगळा माझा, अशी मी वाटणी करून ठेवली होती. या दोन्हींत न बसणारी अशी एक बाई माझ्या शेजारी बसली होती.

तिनं अकरा दिवस घेतले. क्वार्टर सोडायची तारीख जवळ येत होती, कारखान्याच्या ऑफिसातून दोनदा विचारणा झाली. मी सांगितलं, अजून ठरलं नाही. दोनचार दिवस ती एकटीच एस.टी.नं सोलापूरला जाऊन आली. काय बघितलं, कुणाला भेटली, तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या वेळी विचारलं नाही ते वेगळ्या कारणानं. पण घरात मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. तिच्या प्रत्येक फोनला माझे कान टवकारायचे आणि एकही शब्द कळायचा नाही. मनात हजार उत्तरं यायची. मुलीकडं नाशिकला जाते म्हणाली तर? एकटीच अक्काकडं राहते म्हणाली तर? असं म्हणायचा हक्क तिला होता, हेच जास्त भीतीचं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी चहाचा कप समोर ठेवून ती म्हणाली, "पूर्व भागातच राहू. पण तो फ्लॅट नको. अक्काच्या घरापासून लांब, चार गल्ल्या सोडून एक बघितलाय. जवळ राहिलो तर रोज येऊन बसेल ती, आणि माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघेल." मग जरा थांबून म्हणाली, "पहिला मजला आहे. तुमच्या गुडघ्यांना बरं. आवाज मात्र आहे मागांचा. तुम्ही येऊन बघा, आणि आवडलं नाही तर तसं सांगा."

मी बघितलं. मला ते आवडलं नाही. तसं मी सांगितलंही, आणि तरी इथं राहू असंही सांगितलं. दोन्ही खरं होतं.

आता दीड वर्ष होत आलं. सकाळी माग सुरू होतात आणि माझी झोप मोडते. गाडी दोन गल्ल्या पलीकडं लावावी लागते. बायको दुपारी खालच्या बायकांत बसते. कधी जोरात हसते, कधी नुसती ऐकत असते, आणि एकदोनदा मी तिला गर्दीतही एकटी पडलेली पाहिलंय. अक्का येते, झाकणं उघडते. मला अजून कुणाच्या बोलण्यातलं निम्मंही कळत नाही.

परवा दुपारी मी गॅलरीत बसलो होतो. ती भांडी आवरून आली, पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला इथं करमत नाही ना?"

'तसं काही नाही' माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही करमत," मी म्हणालो.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.